घाबरलेलं मिनिएचर शिंगरू आणि वाढलेले खूर: सुरुवात कुठून करू?

कुरणवेडी

नमस्कार मंडळी,

मोठे घोडे मी बरीच वर्षं सांभाळलेत, पण मिनिएचर घोडा घरात पहिल्यांदाच आलाय. नाव ठुमरी. वय दहा महिने. आयाळ संपते तिथे मोजली तर उंची २८ इंच, वजन अंदाजे ६० किलो. येऊन पाच आठवडे झाले, पण मानेपलीकडे ती अजून मला हात लावू देत नाही.

आधीच्या मालकांनी सगळं खरं सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. खूर तासायची वेळ आली की दोघं जण तिला भिंतीशी दाबून धरायचे आणि तिसरा काम उरकायचा. असं दोनदा झालं, शेवटचं चार महिन्यांपूर्वी. आता तिच्या आणि मोकळ्या जागेच्या मध्ये कुणी नुसतं उभं राहिलं तरी ती थरथरते. पायाकडे हात गेला की मागच्या पायांवर उभी राहते, नाहीतर सरळ अंग टाकून देते.

आली तेव्हा तोंडावर मोरखी (डोक्याभोवती बांधायचा, नाकावरून आणि कानामागून जाणारा पट्टा) होतीच. "काढू नका, परत घालू देणार नाही," असं बजावून सांगितलं होतं. पण वाढतं वय आहे, नाकावर वळ दिसायला लागलाय. पुढचे दोन्ही खूर लांबलेत, मागचा डावा एका बाजूला पसरलाय. नालबंद तीन आठवड्यांनी येणार आहेत. जंताचं औषध आणि लस, दोन्ही राहिलंय.

घरचे म्हणतात, एवढीशी तर आहे, धर आणि कर. माझं मन घेत नाही. पण खूर असेच वाढू देणंही बरोबर नाही हे कळतंय. आधी काय करू? सोबतीला आमची म्हातारी पोनी घोडी काशी आहे, तिच्याजवळ ठुमरी निवांत असते.

टापटीप

ताई, सगळ्यात आधी मोरखी काढा. बाकी कामं चार दिवस थांबली तर चालतील, हे थांबवू नका. डोकं वाढतंय आणि पट्टा तेवढाच आहे, तो कातडीत रुतणारच. शिवाय शिंगरं मागच्या खुराने कान खाजवतात. मोरखीत खूर अडकला आणि शिंगरू घाबरून उधळलं तर मान तरी जाते नाहीतर पाय तरी. माझ्या डोळ्यांदेखत असं एकदा घडलंय, म्हणून कळकळीने सांगतेय. मोकळ्या सोडलेल्या शिंगराच्या तोंडावर मोरखी कधीच ठेवू नये. मानेला हात लावू देते ना? मग बक्कल कानामागे असतं, तिथवर पोचायला दोन-तीन दिवस पुरतील.

आता मुख्य गोष्ट. घरचे म्हणतात "एवढीशी तर आहे", आणि मिनिएचर घोड्यांचं सगळं दुखणं याच तीन शब्दांत आहे असं मला इतक्या वर्षांनी वाटतं. ४५० किलोचा घोडा घाबरला तर आपण थांबतो, विचार करतो, त्याला शिकवतो, कारण त्याला दाबून धरणं आपल्या हातात नसतं. ६० किलोच्या शिंगराला मात्र दोन माणसं सहज दाबून धरू शकतात, म्हणून शिकवायचं राहूनच जातं. त्याची भीती मोठ्या घोड्याइतकीच असते. फक्त ती आपल्याला अंगाने जाणवत नाही.

आणखी एक. तिच्या उंचीवरून स्वतःकडे बघा. तिच्या पाठीवरून वाकून आपण पाय उचलायला जातो तेव्हा वरून काहीतरी अंगावर झेपावतंय असंच तिला वाटत असणार. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं, साधारण ३५० अंशांतलं दिसतं. कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या थेट मागे मात्र दिसत नाही. त्यामुळे समोरून डोक्यावर हात ठेवणं आणि मागून पायाशी जाणं, या दोन्ही गोष्टी तिच्यासाठी अचानक घडतात.

म्हणून बुटकं स्टूल घ्या किंवा बादली पालथी घाला आणि तिच्या अंगणात नुसत्या बसा. जमिनीवर मांडी घालून नको, दोन्ही गुडघे टेकूनही नको. ती उधळली तर तुम्हाला झटकन बाजूला होता आलं पाहिजे, आणि लाथ छोटी असली तरी बसलेल्या माणसाच्या ती तोंडावर येते. काशीला जवळच राहू द्या. पहिले दोन दिवस तिच्याकडे बघूही नका. ती येईल, हुंगेल, जाईल. जाऊ द्या.

मग हात. खांद्याच्या बाजूने, तिरपं जायचं. तिचं अंग ताठरण्याच्या आधी हात काढून घ्यायचा. हे "आधी" फार महत्त्वाचं आहे. ती पळाल्यावर हात काढलात तर पळाल्याने सुटका होते हे ती शिकते. ती उभी असताना काढलात तर उभं राहिल्याने सुटका होते हे शिकते. त्या क्षणी जे चाललेलं असतं तेच तिच्या डोक्यात बसतं, त्यामुळे चार सेकंद उशीर झाला तरी धडा बदलतो.

खाजवायचं कुठे, तर मान जिथे पाठीला मिळते तिथे, आयाळीच्या शेवटी. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या जागी खाजवल्यावर मोठ्या घोड्यांचे आणि शिंगरांचेही हृदयाचे ठोके कमी झालेले मोजले होते. दुसऱ्या जागी खाजवल्यावर तसं झालं नाही. थोपटू नका. थोपटणं आपल्याला आवडतं, तिला नाही.

एका वेळी पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. त्याहून जास्त नको.

रानवारा

मी थोडं वेगळं मत मांडतो. टापटीपताई म्हणतात ते चुकीचं नाही, पण हातात तीन आठवडे आहेत आणि खूर चार महिने वाढलेत. लांबलेल्या खुरांनी सांध्यांवर ताण येतो, वाढत्या वयात तर जास्तच. एकदा घट्ट धरून काम करून टाका. काही वाईट होत नाही हे तिला कळलं की पुढच्या वेळी ती उभी राहील. आमच्याकडे अशी शिंगरं कान पिळून धरली की शांत होतात, आणि पंधरा मिनिटांत चारही पाय होतात. मला जनावराची काळजी नाही असं नाही, उलट आहे म्हणूनच म्हणतोय.

शिंगरूवैद्य

मी पशुवैद्य आहे. रानवारा, तुमची खुरांबद्दलची काळजी रास्त आहे. पण या घोडीला आतापर्यंत दोनदा घट्ट धरून झालंय. एकदा धरलं की कळतं, हे खरं असतं तर ती आत्तापर्यंत उभी राहायला हवी होती. झालं उलटंच. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, तसं ती आता नुसता माणूस जवळ आला तरी थरथरते.

गप्प उभं राहणं आणि शांत असणं यात फरक आहे. सुटका नाही हे कळल्यावर प्राणी धडपड सोडून देतो आणि वरवर शहाणा वाटतो. तोंड बघा. हनुवटी आवळलेली, नाकपुड्या ताणलेल्या, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, शेपटी दाबून धरलीय, श्वास रोखलाय, तर ती घोडी शांत नाही. मान खाली येते, खालचा ओठ सैल सुटतो, कान एकेक करून इकडेतिकडे फिरतात, ती शांत.

कानाबद्दल स्पष्ट बोलतो. बळी तो कान पिळी ही म्हण काही ठिकाणी शब्दशः चालवतात, आणि ती प्रथा सोडून द्यायला हवी. घोड्यांवर हे मोजून पाहिलंय. वरचा ओठ पिळून धरल्यावर पहिली पाच मिनिटं हृदयाचे ठोके खाली येतात, त्यानंतर वर चढायला लागतात. कान पिळल्यावर मात्र ते पहिल्यापासूनच चढतात. म्हणजे कान पिळलेला घोडा शांत झालेला नसतो, घाबरून थिजलेला असतो. पुढे आयुष्यभर कानाजवळ हात नेऊ देत नाही ते वेगळंच, आणि मोरखी तर कानामागेच बांधायची असते.

रानवारा

डॉक्टर, हे मला माहीत नव्हतं. पण मग एक खरी अडचण विचारतो. उद्या तिला तारेने जखम झाली, तर दोन आठवडे स्टुलावर बसून चालणार नाही. तेव्हा काय करायचं?

शिंगरूवैद्य

तेव्हा डॉक्टरांना बोलवायचं आणि औषधाने शांत करून काम करायचं. घाबरलेल्या घोड्याला गुंगी देणं म्हणजे हार मानणं, असा समज आहे. तसं मुळीच नाही. एक वाईट अनुभव टाळला म्हणजे तीन आठवड्यांची मेहनत वाचते. इंजेक्शनही देता येत नसेल तर जिभेखाली द्यायची डेटोमिडीनची जेल असते. ती पशुवैद्याने वजन पाहून लिहून दिल्यावरच वापरायची आणि हातमोजे घालून द्यायची, कारण ती माणसाच्या कातडीतूनही शोषली जाते. दिल्यावर चाळीसेक मिनिटं घोडीला शांत जागी सोडायचं. दहाव्या मिनिटाला काम सुरू केलं तर घाबरलेला घोडा औषधावरही मात करतो, आणि मग लोक म्हणतात औषध लागूच पडलं नाही.

तीन आठवड्यांत जमलं नाही तर ठुमरीच्या खुरांसाठीही हा रस्ता आहे. पण कुरणवेडीताई, आधी प्रयत्न करा. वेळ आहे.

आणखी एक इशारा देऊन ठेवतो. मिनिएचर घोडे, पोनी आणि गाढवं यांना ताण पडून खाणं सुटलं की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृतावर भार येतो. जाडसर जनावराला धोका जास्त. मोठा घोडा एक वेळ जेवला नाही तर आपण वाट बघतो, इथे तशी वाट बघायची नाही. अर्धा दिवस तोंड लावलं नाही, मलूल दिसली, की फोन करायचा. म्हणून शिकवतानाही चारा तोडायचा नाही. "भूक लागली की येईल जवळ" हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

कुरणवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सहावा दिवस, म्हणून लिहितेय.

मोरखी निघाली! तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. बक्कल सोडवताना मी स्टुलावर बाजूला बसले होते, एक हात मानेच्या मुळाशी खाजवत होता. पट्टा गळून पडला तेव्हा ती दोन पावलं मागे गेली, डोकं झाडलं आणि मग काशीच्या अंगाला नाक घासत बराच वेळ उभी राहिली. नाकावरचे केस गेलेत, पण कातडी फाटलेली नाही.

खाजवताना आता तिचा वरचा ओठ लांब होऊन हलायला लागलाय. काल तिने माझ्या बाहीलाच खाजवायला सुरुवात केली, दातांनी. मी हळूच बाही काढून घेतली, ओरडले नाही. बरोबर केलं ना?

डाव्या बाजूने खांद्यापर्यंत, पाठीवर, पोटाच्या वरच्या भागावर हात फिरतो. उजव्या बाजूला गेलं की पुन्हा पहिला दिवस. हे असं का?

टापटीप

फार बरं वाटलं वाचून! बाही काढून घेतलीत ते बरोबर. ती तुम्हाला घोड्यासारखं खाजवून परतफेड करतेय, पण माणसाच्या कातडीला ते सोसत नाही. तिचं तोंड पुढे वळलं की थांबायचं, तोंड सरळ झालं की पुन्हा सुरू.

उजवी बाजू वेगळी शिकवावीच लागते, सगळ्यांचीच. आपण बहुतेक कामं डावीकडून करतो. शिवाय भिंतीशी दाबायचे तेव्हा माणसं कुठल्या बाजूला असायची, हेही असेल. तिकडे परत पहिलीपासून, पण या वेळी निम्मे दिवस लागतील.

आता पाय. पाय उचलणं हा खूप पुढचा धडा आहे. आधी हात नुसता खाली उतरायला शिकवायचा. मानेच्या मुळापासून खांदा, खांद्यापासून कोपर, तिथून गुडघा. जिथे तिचा श्वास थांबेल तिथून एक वीत वर या, तिथे खाजवा, मग हात काढा. पळाली तर पाठलाग नाही. पायावर हात टिकायला लागला की मगच वजन दुसऱ्या पायावर जाईपर्यंत वाट बघा आणि खूर जमिनीवरून नुसता सुटला की लगेच खाली ठेवा. एक सेकंद. ओढून घेण्याच्या आधी आपणच ठेवायचा. लोक इथे चुकतात. एक सेकंद जमला की लगेच दहा सेकंद धरून बघतात, आणि सगळं पाण्यात जातं.

मागच्या पायांसाठी काठीला जुना मोजा भरून बांधा आणि त्या मोज्याने आधी मांडी, मग नडगी चोळा. लाथ मारली तर मोज्याला लागेल, आणि तुमचा हात दचकून मागे येणार नाही.

आयाळ

इथे वाचतेय, आमच्याकडेही आठ महिन्यांचं शिंगरू आहे. खाऊ देऊन शिकवावं की नाही? आमचं आता प्रत्येक खिसा चावायला लागलंय.

टापटीप

देऊन शिकवता येतं, खूप छान शिकतात. पण हातातून आणि खिशातून नको. जमिनीवरच्या भांड्यात टाका, आणि त्याचं तोंड तुमच्यापासून लांब असेल तेव्हाच टाका. आठवडाभर फक्त एवढंच शिकवा, की तोंड बाजूला नेलं की मिळतं. चावऱ्या मिनिएचर घोड्याला लोक गोड म्हणून हसतात, तो तीन वर्षांचा झाला की हसत नाहीत. ठुमरीसारख्या आधीच घाबरलेल्या शिंगराला मी पहिले दिवस फक्त खाजवण्यावर ठेवते.

कुरणवेडी

अकरावा दिवस. पुढचे दोन्ही पाय देते! दोन-तीन सेकंद, सैल दोरावर, कुणी न धरता. नवी मोरखी तिच्या मापाची आणली आहे, नाक घालते, आम्ही काढतो.

मागच्या पायांचं मात्र बिनसलंय. उजवा जमतो. डावा उचलला की एक क्षण ठीक असते, मग झटका देते. आज तर मागचा भाग खाली बसलाच. मी सोडून दिलं, ती निघून गेली आणि बराच वेळ आली नाही. दोन दिवस हेच चाललंय. मला वाटलं होतं मी घाई करत नाहीये, पण कुठेतरी चुकतंय. रडायला आलं खरंच.

कानसवाला

ताई, मी नालबंद आहे, मिनिएचर घोड्यांचे खूर बरेच करतो. एक विचारतो. डावा मागचा पाय उचलल्यावर तुम्ही कुठे धरता? तुमच्या मांडीवर घेता का? आणि बाहेरच्या बाजूला येतो का?

कुरणवेडी

हो. स्टुलावरून उठून वाकते आणि पाय माझ्या गुडघ्यापर्यंत आणते, मोठ्या घोड्याचा घेते तसाच. थोडा बाहेर येतो, नाहीतर मला खूर दिसत नाही.

कानसवाला

तिथेच दुखतंय बहुतेक. तुमचा गुडघा म्हणजे तिचं जवळजवळ पोट. मोठ्या घोड्याचा पाय छातीपर्यंत ओढून बाजूला काढला तर तोही बसेल.

मिनिएचरचा मागचा पाय मी जमिनीपासून वीतभर वरच धरतो, सरळ मागे, तिच्याच अंगाच्या रेषेत. बाहेर ओढायचा नाही. खूर मला दिसावा म्हणून मी खाली जातो, पाय वर येत नाही. उकिडवा बसतो, एक तळवा पूर्ण टेकलेला, म्हणजे बाजूला होता येतं. पाठ दुखते, पण ते आमचं काम आहे. एका दमात पूर्ण खूर करत नाही. कानस चार वेळा फिरवायची, पाय खाली, खाजवायचं, परत.

पण एकच पाय असं करतोय म्हटल्यावर आधी डॉक्टरांना दाखवा. शिंगरू पाय देत नाही तेव्हा निम्म्या वेळा त्याचं कारण स्वभाव नसतो, असा माझा अनुभव आहे.

शिंगरूवैद्य

पूर्ण सहमत. मिनिएचर घोड्यांत मागच्या पायाची वाटी, म्हणजे मांडी आणि नडगी जिथे मिळतात तिथलं हाड, जागेवरून सरकणं बरंच आढळतं. कधी बाजूला सरकते, कधी वर अडकते. चालताना टक् असा आवाज येतो का? उभी राहून निघताना डावा पाय क्षणभर मागे ताठ राहून मग झटक्याने सुटतो का? वळताना खुराचं टोक घासतं का? त्या खुराचं एका बाजूला पसरणंही त्याच्याशी जोडलेलं असू शकतं. तपासणी होईपर्यंत डावा मागचा पाय उचलू नका, फक्त हात फिरवा.

कुरणवेडी

आज आमच्या डॉक्टरांनी पाहिलं. डाव्या पायाची वाटी अधूनमधून वर अडकते. सौम्य आहे. वय वाढेल, मांडीचे स्नायू भरतील तसं बरंच सुधारतं, म्हणून लगेच शस्त्रक्रिया नको म्हणाले. मोकळं हिंडायला जागा, दिवसभर कोंडून ठेवायचं नाही, आणि खूर वेळेवर सारखे ठेवायचे. म्हणजे ज्या पायाला तासणीची सगळ्यात जास्त गरज होती, तोच पाय तिला देता येत नव्हता.

भिंतीशी दाबून हाच पाय वर ओढला असेल तेव्हा तिला काय झालं असेल, हा विचार डोक्यातून जात नाही. आणि दोन दिवस मीही तेच केलं, फक्त प्रेमाने. तपासताना ती डॉक्टरांसमोर उभी राहिली, माझा हात मानेच्या मुळाशी होता. स्टेथोस्कोप डाव्या कोपरामागे लावू दिला. मिनिटाला ५२ ठोके आले. मोठ्या घोड्याचे निवांत असताना २८ ते ४४ असतात, लहान वयात थोडे जास्त चालतात, असं त्यांनी सांगितलं.

आयाळ

ताई, तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. आता कळलंय तर तिचं पुढचं आयुष्य सोपं होईल.

जंताच्या औषधाचं कुणी सांगेल का? आमचं शिंगरू पिचकारी बघितली की पळतं.

टापटीप

पिचकारी आधी औषधाची नसावीच. रिकामी, स्वच्छ, बाहेरून सफरचंदाचा गर लावलेली, ओठांच्या कोपऱ्याशी नुसती टेकवा. आठवडाभर गरच द्या. मग एक दिवस औषध, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा गर. दहात एकदाच कडू लागलं तर पळत नाहीत.

शिंगरूवैद्य

आणि वजन काट्यावर करा. छातीभोवती गुंडाळायच्या पट्ट्या मोठ्या घोड्यांच्या मापावर बेतलेल्या असतात, मिनिएचरच्या बाबतीत त्या चुकतात. ६० किलोच्या जनावरात दहा किलोंची चूक म्हणजे मोठी चूक. काही औषधं, उदाहरणार्थ मॉक्सिडेक्टिन, लहान आणि किरकोळ जनावरांत थोड्या जास्त मात्रेनेही त्रास देतात. शेण तपासून कुठलं औषध आणि कधी, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पिचकारीवरच्या खुणा मोठ्या घोड्यासाठी असतात हेही लक्षात असू द्या.

कुरणवेडी

नालबंदांचा दिवस काल होऊन गेला. उशिरा लिहितेय, कारण काल खूप दमले होते.

कानसवालादादा, तुमचा प्रतिसाद मी आमच्या नालबंदांना आधीच वाचून दाखवला होता. ते रागावतील अशी भीती होती, पण म्हणाले, बरं झालं सांगितलंत. चार दिवस आधी त्यांची एक जुनी कानस आणि चामड्याचा एप्रन मागून आणला होता. एप्रन मी रोज बांधून बसायचे. कानस लाकडावर घासायचे, आधी लांबून, मग जवळून. पहिल्या दिवशी आवाजाला ती कोपऱ्यात गेली होती, चौथ्या दिवशी कानस हुंगून तिला नाक घासलं.

काल काशी तिच्या डोळ्यांसमोर उभी होती. भिंतीपासून लांब, मोकळ्या अंगणाच्या मधोमध काम केलं. दोर माझ्या हातात सैल, कुठेही बांधलेला नाही. नालबंद आल्या आल्या कामाला लागले नाहीत, बाजूला स्टुलावर बसले आणि माझ्याशी बोलत राहिले. पुढचा डावा झाला. पुढच्या उजव्याच्या मध्यात ती निघून गेली. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. ती काशीभोवती एक फेरी मारून परत आली आणि माझ्या हाताखाली मान आणून उभी राहिली. नालबंदांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत, आणि खूर पूर्ण केला.

मागचा उजवा झाला. मागच्या डाव्याला आम्ही हात लावला नाही. चाळीस मिनिटं होत आली होती आणि तिचे कान मागे जायला लागले होते. पुढच्या मंगळवारी फक्त त्या एका पायासाठी ते परत येणार आहेत.

कानसवाला

डावा सोडलात हे सगळ्यात चांगलं केलंत. मंगळवारी तो पाय सगळ्यात आधी घ्या, ती ताजी असताना. आणि पाय देण्याआधी तिला दोन-चार मिनिटं चालवून आणा, वाटी मोकळी असते. यापुढे सहा आठवड्यांच्या वर जाऊ देऊ नका. थोडं थोडं तासायचं असेल तर काम पटकन होतं, तिलाही जड जात नाही.

कुरणवेडी

मंगळवार झाला. चालवून आणलं, मग डावा मागचा पाय, जमिनीपासून चार बोटं वर. तीन वेळा उचलला, तीन वेळा ठेवला. दुसऱ्या वेळी ताठ झाली तेव्हा नालबंदांनी खूर न सोडता हात तिच्या पायाबरोबर खाली नेला, ओढाताण नाही. पसरलेली बाजू निम्मी उतरवलीय, उरलेली पुढच्या वेळी. लस पुढच्या आठवड्यात. त्यासाठी मानेवर चिमटा काढून सोडायचा सराव चालू केलाय.

रानवारा

ताई, अभिनंदन. पहिल्या दिवशी मी जे लिहिलं होतं ते आता मी लिहिणार नाही.

आमच्याकडे नऊ महिन्यांचा एक नर आहे, त्याच्या तोंडावर चोवीस तास मोरखी असायची. काल काढली. कानाला हात लावू देत नाही, आणि त्याचं कारण मला ठाऊक आहे. त्याच्या कानापर्यंत परत कसं पोचायचं?

टापटीप

दादा, कान महिनाभर विसरा. मोरखी अशी घ्या जिचा पट्टा मानेवरून जाऊन बाजूला बक्कलाने लागतो, कानांवरून ओढावी लागत नाही. मानेच्या मुळाशी खाजवत रोज दोन बोटं वर सरका, कानाच्या एक वीत आधी थांबा आणि हात काढा. तो स्वतः डोकं खाली आणून कानाचं मूळ तुमच्या हातावर घासेल, तोवर पुढे जाऊ नका. आणि त्याला सोबत कोण आहे ते सांगा, एकटा असेल तर आधी ते बघू.